एकच हार

“आणि दुसरा कुठंय?” चांगुणाने विचारलं.

गोटीराम ओठांत सुई धरून बसला होता. मांडीवर लग्नाचा हार. पण काय हार! पांढराशुभ्र निशिगंध, मधेमधे गुलाबाच्या पाकळ्या, खाली हातभर गोंडा. गणेशवाडीच्या अख्ख्या फुलबाजारात त्या दिवशी असा हार नव्हता. फक्त तो एकच होता आणि टोपली रिकामी झाली होती. नवरीने घालायचा की नवऱ्याने, ते आता त्यांचं त्यांनी बघावं!

“अजून वरून जरीची फीत गुंडाळायचीय, आक्का,” तो खुशीत म्हणाला.

चांगुणाने कपाळावर हात मारला. व्यसनमुक्ती केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला भावाबद्दल सगळं समजावलं होतं. दारू सुटली, पण आधी काय करायचं, मग काय, आणि कुठे थांबायचं, हे ठरवणारं मेंदूचं काम अजून ढिलं आहे. त्यात स्वभाव पहिल्यापासून टोकाचा. त्यालाही आजारच म्हणतात, व्यक्तिमत्त्वाचा विकार. एका वेळी एकच काम सांगत जा. “म्हंजे दोरा हाय, पण गाठ बसत नाय,” चांगुणा म्हणाली होती. आणि आज सकाळच्या घाईत तिने दोन्ही हारांची फुलं एकदम त्याच्या पुढ्यात ओतली आणि ती दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली.

तिचा नवरा भिमाजी काल जेवताना स्पष्टच बोलला होता. ह्याच्यापायी आता एक जरी गिऱ्हाईक तुटलं, तर तुझा भाऊ ह्या घरात नको. त्याचं तरी काय चुकलं? मागे ह्याच दुकानात गोटीरामने एका गिऱ्हाइकावर पाण्याची बादली फेकली होती आणि तिथून जो गुत्त्यावर गेला, तो चार माणसांनी उचलूनच आणावा लागला. पण घरातून काढला तर तो जाणार कुठे? चांगुणाशिवाय त्याला कोणी उरलं नव्हतं.

तेवढ्यात नवरीचा काका मोटारसायकलवरून आलाच.

“मावशी, हार द्या लवकर. सातपूरला नवरदेव दारात उभाय.” मग त्याची नजर मांडीवर गेली. “एकच? आमच्याकडं लग्न हाय का सत्कार? अन् असली अर्धवट माणसं कशाला बसवता दुकानात?”

गोटीराम ताडकन उठला. मानेच्या शिरा टरटरून फुगल्या. हात बादलीकडे गेला. चांगुणाला केवढं तरी बोलायचं होतं, त्या काकालाही चांगलं सुनवायचं होतं. ते सगळं गिळून ती एवढंच म्हणाली, “गोट्या, खाली बस.”

तो तसाच उभा राहिला. मग बसला. तिचाच विश्वास बसेना.

“कात्री घे.”

त्याने घेतली.

“गोंड्याच्या वर काप.”

“हा?” त्याचा आवाज फुटला. “आक्का, लय दिसांनी कायतरी चांगलं झालंय गं माझ्या हातून.”

“मला दिसतंय की. लय चांगलं झालंय. काप.”

त्याने डोळे मिटले आणि कापला. फुलं मांडीवर ओघळली. मग ती सांगत गेली, तो करत गेला. आता निशिगंध वेगळा कर. आता निम्मा मला दे. आता ओव. गडबडला की ती थांबायची. काका घड्याळ बघत चुळबुळत होता, पण बादलीकडे बघून गप्प होता.

“बारीक झाले जरा,” दोन्ही हार हातात आल्यावर काका म्हणाला. “पण जोडी हाय. चालतंय, मावशी.” आणि गेला.

चांगुणाला रडूच येणार होतं. गोटीराम मात्र पाकळ्यांच्या राशीत डोकं धरून बसला होता.

“आक्का, त्याला तुडवावा नायतर जाऊन प्यावी, दुसरं कायच सुचंना बघ. अजून तेच चाललंय डोक्यात. आज मला एकटं सोडू नको.”

“नाय सोडत,” ती म्हणाली.

भर गिऱ्हाइकीच्या वेळेला तिने उरलेल्या फुलांवर ओलं गोणपाट टाकलं, शेजारणीला लक्ष ठेवायला सांगितलं आणि दोघं घराकडे निघाली. वाटेत कोपऱ्यावर गुत्ता होता. तो दिसताच गोटीरामने पटकन तिच्या पदराचं टोक मुठीत धरलं. पिकल्या मिशांचा माणूस, भर बाजारात! चार जण वळून बघू लागले. चांगुणाने पदर सोडवून घेतला नाही. खांद्यावरून थोडा ढिला सोडला, म्हणजे त्याला नीट धरता येईल.