लाल खुणेचा फोटो

मी एक हार्ड डिस्क. काळी, तळहाताएवढी, महाडच्या बाजारपेठेतल्या एका फोटो स्टुडिओत टेबलाच्या कडेला पडलेली. हल्ली फिरायला लागले की माझ्या पोटात टकटक वाजतं. ज्यांना यातलं कळतं, ते हा आवाज ऐकून नुसती मान हलवतात.

माझा मालक दीपक लग्नाचे फोटो काढतो. माणूस शिस्तीचा. लग्नाहून आला की हातपाय धुवायच्या आधी कॅमेऱ्यातलं कार्ड माझ्यात रिकामं करायचा. तारीख, गाव, नवरीचं नाव घालून फोल्डर करायचा. हे सगळे रॉ फोटो, म्हणजे कॅमेऱ्याला दिसलं ते जसंच्या तसं. गिऱ्हाइकाला मिळतो तो भात, माझ्यात असतो तो तांदूळ. रॉ फोटोतला काळोखसुद्धा मागाहून उजळता येतो.

मग निवड. चांगल्या फोटोला तारे. डोळे मिटलेल्या, हललेल्या, काळ्या पडलेल्या फोटोला लाल खूण. अल्बम घरी पोचला की लाल खुणेचे सगळे फोटो पुसून टाकायचे आणि माझ्यात जागा करायची. माणसं लग्नात किती वेळा डोळे मिटतात, ते मला विचारा.

पोलादपूर तालुक्यात कापडे गावाच्या वरच्या वाडीत रामाकाका राहतात. त्यांच्या मुलीचं, सेजलचं लग्न असंच माझ्यात आलं. मंगलाष्टकं चालू असताना नवरीच्या आईने समोर थांबायचं नाही, अशी रीत. म्हणून सेजलची आई मंजुळाबाई मागच्या अंगणात तुळशीला पाणी घालत बसली होती. नेमकी तेव्हाच दीपकच्या कॅमेऱ्याची बॅटरी संपली. तो मागे ठेवलेल्या बॅगेकडे धावला, बॅटरी बदलली, आणि चालते का बघायला कॅमेरा उभा धरून एक फोटो मारला. मंजुळाबाईने बेसावधपणे वर पाहिलं. कुणी मोबाइल काढला तरी पळणारी बाई ती. कॅमेऱ्याकडे सरळ पाहिलं ते तेवढंच.

फोटो काळा पडला होता. दीपकने लाल खूण केली. पाठवणीच्या फोटोत ती तोंडावर पदर घेऊन रडत होती, त्याला मात्र पाच तारे.

त्याच वर्षी भाद्रपदात मंजुळाबाई तापाने गेली. तेराव्याला हार घालायला फोटो हवा, म्हणून रामाकाका आणि सेजल स्टुडिओत आले.

"आधारकार्डावरचा मोठा केला तर नुसतं ठिपकं दिसतात," सेजल म्हणाली. "दीपकदादा, आईचं तोंड दिसंल असा एक तरी असंल ना?"

दीपकने पाच ताऱ्यांचा फोटो काढून दाखवला. रामाकाकांनी तो बराच वेळ पाहिला.

"ह्यो पदर हाय," ते म्हणाले.

तेव्हा दीपकला तुळशीजवळचा फोटो आठवला, आणि आपण तो पुसलाय हेही. त्याचा चेहरा पार उतरला.

पुसलेलं लगेच जात नाही. आधी फक्त नाव जातं. वरून दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत फोटो जागेवरच असतो. दीपकने माझा कोपरान् कोपरा धुंडाळला. पण मधल्या काळात दासगावचं एक लग्न माझ्यात भरलं होतं. लिही म्हटलं की मी लिहिते, कुणाच्या अंगावर लिहितेय ते मला कुणी विचारत नाही.

अर्धाच निघाला. दीपक तो हळूहळू उजळत गेला. काळोखातून तुळस आली, तांब्या आला, तांब्या धरलेला हात आला, मनगटातल्या हिरव्या बांगड्या आल्या. त्यापुढे सगळं राखाडी.

"हात तिचाच हाय," रामाकाका म्हणाले. "तोंड कुठं गेलं गो?"

सेजलने पडद्यावरच्या बांगड्यांवर बोट ठेवलं. मला फार वाईट वाटलं.

"काका, मी प्रयत्न करतो," दीपक घाईने म्हणाला. "उरलेला निघेल."

तो निघणार नव्हता. त्या जागेवर आता दासगावची वरात नाचत होती, आणि दीपकला ते कळत होतं. तेराव्याला हार पदराच्या फोटोलाच घातला.

तेव्हापासून दीपक लाल खुणेचं काहीच पुसत नाही. मी गच्च भरले, आता नवी डिस्क आलीय. रामाकाका मात्र महाडला कामाला आले की स्टुडिओचा जिना चढतात.

"दीपकशेट, उरलेला निघाला काय?"

"बघतोय काका. वेळ लागतो याला."

मग दीपक मला जोडतो, तो हात पडद्यावर लावून देतो. रामाकाका समोर बसून राहतात आणि एसटीची वेळ झाली की उठतात. दर वेळी "येतो" म्हणून जातात, आणि खरंच येतात.

माझं काही खरं नाही आता. दीपक, पुढच्या वेळी मला जोडशील तेव्हा मी फिरेनच असं नाही. तुझ्याकडे एवढंच मागणं. मी बंद पडले की तुला आयतंच कारण मिळेल. डिस्क गेली, तिच्याबरोबर फोटोही गेला, असं सांगून मोकळा होशील. तसं करू नकोस. रामाकाकांना खुर्ची दे, पाणी दे, आणि सांग, काका, तो फोटो मीच पुसला, आता तो निघणार नाही.