वाळ्याचा म्हसोबा

आमचे मामंजी, आप्पासाहेब, सोन्यासारखा माणूस. पण असल्या माणसाच्या घरात सून म्हणून नांदून बघा, मग कळंल! कुणी काही मागितलं की त्यांच्या तोंडून 'न्हाई' म्हणून निघतच न्हाई.

मुखेडच्या अलीकडं ओढ्याकाठी आमचं रान, अन् काठाला लागूनच विहीर. उन्हाळ्यात माणसांचं, जनावरांचं पाणी तिचंच. अन् ओढा मेला दरसाली काठ खात खात तिच्याकडंच सरकून राहिला व्हता.

माझं माहेर अर्धापूरकडचं. तिथं पाटाच्या कडंला वाळा लावलेला मी लहानपणापासून बघितलेला. पोतंभर फुटवे एसटीत घालून आणले, पात वीतभर ठेवून छाटली, अन् काठानं दाट ओळ लावली. माझा नवरा बजरंग हसायला लागला.

"गवतानं पूर थांबतो व्हय?"

"वरचं गवत बघू नका," म्हणलं. "मुळ्या सरळ खाली जातेत, पुरुषभर खोल. माती धरून ठेवतेत."

दोन-तीन पावसाळ्यांत वाळा डोक्याएवढा झाला. मी एक जुडी मुळ्या धुऊन रांजणात टाकली. झालं, तिथंच माझं चुकलं! पाणी पिलेला पाहुणा विचारणार, "काय गोड वास येतोय हो?" अन् मामंजी म्हणणार, "आमच्या सिंधूचा वाळा हाय. घेऊन जा की!" कुणाला माठात टाकायला, कुणाला कूलरला, कुणाला तेलात. आता वाळ्याची मुळी काढायची म्हणजे अख्खं ठोंब खणावं लागतं. ओळीत भोकं पडत चालली, म्हाताऱ्याच्या दातांवाणी. मी आतल्या आत जळून राहिले, पण सासऱ्याला तोंडावर कसं बोलावं?

मग मला एक सुचलं. एक लांबट दगड घेतला, शेंदूर फासला, अन् विहिरीसमोरच्या वाळ्यात नेऊन उभा केला.

दुसऱ्या दिवशी मामंजी त्याच्यासमोर थबकले.

"हितं म्हसोबा कवा आला गं?"

"काय ठाऊक, मामा. पण देवापुढलं गवत उपटू न्हाई म्हणतेत."

त्यांनी हात जोडले. तवापासून कुणी कुदळ घेऊन आलं की म्हणायचे, "तिकडून काढ बाबा. हितलं देवाचं हाय." मला हायसं वाटलं, अन् थोडं पाप बी लागल्यावाणी वाटलं.

यंदा श्रावणात ओढ्याला असा पूर आला की रानाची वाटच बंद. वाट मोकळी झाली तशी मी चपला हातात घेऊन चिखलातनं पळत सुटले. मागं बजरंग, त्याच्या मागं मामंजी.

खालच्या अंगाला, जिथं ठोंबं खणून दिली व्हती, तिथला काठ पार तुटून गेलेला. आता विहीर काय राहती, म्हणून मी डोळेच मिटले. उघडले तर विहीर जागच्या जागी! समोरचा वाळा चिखलात आडवा झालेला, पण मातीचं ढेकूळ हललं नव्हतं. मी तिथंच फतकल मारून बसले अन् मोठ्यानं रडले. "वाचली गं बाई, वाचली माझी विहीर!"

तेवढ्यात शेजारचा ग्यानोबा आला. "म्हसोबानं राखलं!" म्हणून त्यानं दंडवतच घातला. बजरंग बी हात जोडून उभा. माझं डोकंच फिरलं. तुटलेल्या कडंला वाळ्याच्या मुळ्या लोंबत व्हत्या, त्या कुणाला दिसंनात! पण तो देव मीच उभा केलेला!

ते दोघं नारळ आणायला गेले, तसे मामंजी माझ्याजवळ बसले. चिखल पुसून त्यांनी तो दगड नीट उभा केला.

"सिंधू, हा तुझ्या सासूचा वरवंटा हाय. फुटला तवा मीच परसात टाकला व्हता."

मला धरणी पोटात घेईना.

"मामा... मग इतके दिस बोलला का न्हाईत?"

"अगं, जन्मात कुणाला न्हाई म्हणता आलं न्हाई मला. तू देव दिलास, तवा कुठं जमलं."

मी हसावं का रडावं! ते उठले, तुटलेल्या काठाकडं बघत म्हणाले, "आता तिकडं बी फुटवे लाव. अन् परसात पाट्याचा तुकडा पडलाय बघ. तो बी घेऊन ये."