जानोशाची खोली

मे महिन्यात घरात लग्न काढणारा माणूस तसाही अर्धा वेडा झालेला असतो. त्यात गजेंद्रभाऊंच्या घरी थोरल्या मुलीचं, छकुलीचं लग्न, म्हणजे तर विचारायलाच नको! आचाऱ्यानं ऐनवेळी दुसरीकडचं लग्न धरलेलं, मंडपवाला फोन उचलेना, आणि नांदुऱ्याहून व्याही उकंडराव एक दिवसाआड फोन करून एकच गाणं गायचे, "इवाई, जानोशाचं कसं काय केलं? आमची मंडळी लय नाजूक हाये बरं. कूलर पायजे!"

जानोसा म्हणजे नवरदेवाकडच्या वऱ्हाडाची उतरायची जागा. पंगतीत एक वेळ वरणात मीठ कमी पडलं तर लोक विसरतात, पण जानोशात पंखा बंद पडला तर ते मुलीला जन्मभर ऐकावं लागतं. आता आपल्याकडं जानोसा कुठं असतो, हे तुम्हाला मी सांगावं का? शाळेत! दुसरीकडं कुठं? गावात रिकामे वाडे असतील, घरं असतील, गोदामं असतील, पण पाहुणा उतरणार तो शाळेत.

वरवट बकालहून सोनाळ्याकडं निघालं की वाटेत जी गावं लागतात, त्यातलंच हे एक. नाव मुद्दाम सांगत नाही. नाव सांगितलं की तेवढं एकच गाव वाईट ठरतं आणि बाकीची मोकळी सुटतात. तर या गावात चौथीपर्यंतची शाळा, आणि गजेंद्रभाऊ त्या शाळेच्या व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष. अध्यक्षांचं काम काय? तर पंधरा ऑगस्टला झेंड्यापाशी उभं राहून फोटो काढायचा आणि शाळेची एक किल्ली आपल्या खिशात ठेवायची. यापलीकडं भाऊंनी त्या पदाला कधी त्रास दिला नाही.

शाळेच्या मुख्याध्यापिका स्नेहलता मॅडम नांदुऱ्याहून एसटीनं यायच्या. बाई मनानं चांगली, पण जिभेला धार. एप्रिलमध्ये त्यांनी पालकसभा घेतली, तेव्हा खुर्च्या जास्त आणि माणसं कमी. मॅडमनी आलेल्यांना हात जोडून सांगितलं, "सुट्टीत मुलं सगळं विसरून येतात. जूनमध्ये मला पुन्हा क-ख-ग पासून सुरुवात करावी लागते. म्हणून यंदा उन्हाळाभर एक खोली सकाळी उघडी ठेवू. मी पुस्तकं मांडते, मला जमेल तेव्हा मी येते. तुम्ही फक्त एकेक वार वाटून घ्या आणि मुलांजवळ येऊन बसा. शिकवू नका, नुसते बसा."

"हाव मॅडम! लय चांगली गोष्ट हाये!" सगळे एका सुरात म्हणाले, चहा प्याले आणि गेले.

त्यानंतर एकही माई का लाल आपल्या वारी फिरकला नाही. कुणी शेतात नांगरटी करत होतं, कुणाची बायको माहेरी गेली होती, कुणी सरळ विसरलं होतं. मोबाईलवरच्या पालकांच्या ग्रुपवर मात्र मॅडमनी काही टाकलं की पटापट अंगठे उठायचे. आपले आजे लिहिता येत नव्हतं म्हणून अंगठा टाकायचे; आपण बसायला वेळ नाही म्हणून टाकतो. मुलं मात्र यायची हो! ऊन तापायच्या आत येऊन पुस्तकं उघडून बसायची. त्यात भाऊंची धाकटी काजलही होती. चौथी नुकतीच संपली होती तिची.

आणि अशात एका सकाळी मॅडम एसटीतून उतरल्या, तर पोरं खोलीबाहेरच्या पायरीवर उन्हात बसलेली. दाराला नवंच कुलूप. खिडकीतून पाहिलं, तर आत गाद्यांची चळत छतापर्यंत! पुस्तकं एका बारदान्यात कोंबून खिचडीच्या तांदळाशेजारी टाकलेली.

मॅडम तडक भाऊंच्या अंगणात. भाऊ मंडपाचे बांबू उतरवून घेत होते.

"गजेंद्रभाऊ, त्या खोलीत मुलं बसतात, ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"मॅडम, पोरीचं लग्न काय रोज रोज होते का? पंधरा-वीस दिवसाचा तर प्रश्न हाये."

"लग्न एका दिवसाचं आहे. गाद्या आत्तापासून कशाला?"

"बिछायतवाल्याचा सीझन हाये. त्यानं आज गाडी पाठवली, म्या आज उतरवून घेतल्या. थ्या खोलीले फरशी हाये, पंखा हाये. मंग कोठी ठेवू, माह्या डोक्यावर?"

"पण शाळेला विचारलं का कुणी?"

"विचाराचं काय त्याच्यात? शाळा गावाची हाये!" भाऊ तडकले.

"वा! लग्नाला शाळा गावाची, आणि पालकसभेला शाळा सरकारची! जानोशाला कूलर लावायला तुमच्याजवळ माणसं आहेत, आणि पोरांजवळ बसायला एक माणूस मिळत नाही?"

बांबू उतरवणारी माणसं कान टवकारून ऐकू लागली. भाऊंना घाम फुटला होताच, आता रागही आला. "शिकवाचा पगार तुम्ही घेता मॅडम, आमी नाई. सुट्टीत लेकराईले सुट्टी असू द्या ना! आमी नाई का शिकलो? आमच्या मायबापानं कधी शाळेचं तोंड पाह्यलं?"

"म्हणून तर तुमच्याबरोबरची अर्धी पोरं चौथीतून सुटली! भाऊ, मी रागानं बोलत नाही," मॅडम रागानंच म्हणाल्या. "तुमच्या काजलला वाचता येत नाही."

भाऊ हसले. हसावं नाही तर काय करावं? "काय बोलता मॅडम! फडाफडा वाचते ते. रोज संध्याकाळी पुस्तक हाती घेऊन आजीले कविता वाचून दाखवते. म्या सोता आयकलं."

"ऐकलं ना? पाहिलं का कधी? पुस्तक उलटं दिलं तरी ती तेवढंच फडाफडा वाचेल. पोरगी हुशार आहे, सगळं पाठ करते, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही उशिराच आलं. आता जूनमध्ये ती वरवटच्या शाळेत पाचवीला जाईल. तिथं तिला अक्षरं कोण शिकवणार? मागच्या बाकावर बसेल, गप्प राहायला शिकेल, आणि चार वर्षांनी तुम्हीच म्हणाल, पोरीचं डोकं चालत नाही, उरकून टाका लग्न! आत्ता कुठं ती एकेक अक्षर लावायला लागली होती. हा एवढा उन्हाळाच तिच्या हातात आहे हो!"

पण भाऊंनी किल्ली दिली नाही. मॅडम म्हणाल्या, "खोली उघडली की कळवा," आणि पुन्हा एसटीच्या वाटेला लागल्या. "बाईले पोरीच्या लग्नाचं काई कवतिक नाई," असं पुटपुटत भाऊ पुन्हा बांबूंकडे वळले.

दोन-तीन दिवसांनी स्वतः उकंडराव आले. जानोसा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्यांना झोप लागत नव्हती म्हणे. अंगणात निंबाखाली बाज टाकली, पाणी दिलं, चहा झाला. छपून आलेल्या लग्नपत्रिका समोर होत्याच. तुम्ही पाहिलंच असेल, पत्रिकेच्या तळाला लहान मुलांच्या नावानं एक लाडाची ओळ असते. इथंही होती: 'माझ्या ताईच्या लग्नाला यायचं हं! — काजल.'

"ये वं बेटा," उकंडरावांनी काजलला जवळ घेतलं. "तुहं नाव छापून आलं ना! वाच बरं."

काजलनं पत्रिका हातात धरली आणि ठसक्यात म्हणून दाखवलं, "माझ्या ताईच्या लग्नाला यायचं हं!"

"अरे वा वा वा!" उकंडराव खूश झाले. भाऊंची छाती फुगली. वाचता येत नाही म्हणे! या, म्हणावं मॅडम, ऐका!

"आता ह्ये वरतं काय लिहेल हाये, थे वाच."

काजल थांबली. तिनं पत्रिकेवर बोट ठेवलं. पाहता पाहता तिचा ठसका कुठल्या कुठं गेला. "वि... वा... ह," ती म्हणाली. "विवाह." मग बोट पुढं सरकलं आणि अडलं. भाऊ डोकावून पाहू लागले. 'विवाह स्थळ: जिल्हा परिषद प्राथमिक शाळेचे पटांगण' असं लिहिलेलं होतं. ज्या पटांगणात ती चार वर्षं खेळली, त्याचं नाव पोरीला वाचता येईना!

"शरमते ते," भाऊ घाईघाईनं म्हणाले. "वाच ना वं, काऊन थांबली? येते ना तुले!"

"नाई येत बाबा," काजल म्हणाली. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, आणि तेच भाऊंना जास्त लागलं. "मले इथवरच येते. जोडाक्षरं राह्यले. मॅडम सोमवारी शिकवणार होत्या. पन आता खोलीत गाद्या हायेत ना!"

"कोन्या गाद्या?" उकंडरावांनी विचारलं.

आता सांगा, काय उत्तर द्यावं माणसानं? भाऊंनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, आणि शेवटी म्हणाले, "तुमच्याच. वऱ्हाडाच्या."

उकंडरावांनी काजलकडून सगळं विचारून घेतलं. खोली, पुस्तकं, कुलूप, सगळं. मग ते जे उसळले! "म्हंजे माह्या पावण्यांच्या बुडाखाली पोरीचं शिक्षण दाबलं म्हना ना! इवाई, म्या कूलर मांगतला, शाळा मांगतली का? अन् मे महिन्यात घरात झोपते तरी कोन? आमी सारे बाहीर बाजा टाकतो, अन् गाद्या झोपतीन पंख्याखाली? कमाल हाये बुवा तुमची!" मग जरा थांबून ते हळूच म्हणाले, "माहंबी चुकलंच. मीच एक दिवसाआड टोचून राह्यलो होतो तुमाले."

व्याह्यांपुढं खाली मान घालावी लागली, याचं भाऊंना वाईट वाटलं असेल असं तुम्हाला वाटेल. नाही! त्यांना आठवत होती ती रोजची संध्याकाळ. काजल पुस्तक घेऊन बसायची आणि ते दाराशी मोबाईलमध्ये डोकं घालून 'शाब्बास' म्हणायचे. आवाज ऐकला, पोरीचं बोट कधी पाहिलं नाही. बाप होऊन इतकं साधं कळू नये? स्वतःचीच चीड आली त्यांना, अगदी डोळ्यांत पाणी येईस्तोवर!

ते उठले. व्याह्यांना तसंच बाजेवर बसवून शाळेत गेले आणि गाद्या बाहेर काढायला लागले. कुठं ठेवल्या? घराच्या मागं कापसाची खोली होती, मे महिन्यात पार रिकामी! ती आधी का सुचली नाही? अहो, सरकारी जागा समोर दिसली की आपल्याला घरची जागा दिसतच नाही, हा आपला जुनाच रोग आहे.

संध्याकाळी भाऊंनी मॅडमना फोन लावला. "मॅडम, खोली उघडली. चुकलं आमचं."

"मला सांगून काय उपयोग?" मॅडमचा राग अजून उतरला नव्हता. "उद्या मुलांजवळ कोण बसणार, ते सांगा."

"मी बसतो."

"बघू," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

दुसऱ्या सकाळी भाऊ खरंच खोलीत मांडी घालून बसले. बसणं इतकं अवघड असतं हे त्यांना माहीतच नव्हतं! दर घटकेला हात खिशातल्या मोबाईलकडे जायचा. एक पोरगं शब्दावर अडलं की त्याच्या आधीच बोलून मोकळे व्हायचे, मग पोरगं रुसायचं, "काका, मी वाचत होतो ना!" मॅडमनी येऊन फळ्यावर जोडाक्षरं घेतली, तेव्हा ते मागच्या रांगेत काजलशेजारी सरकून बसले.

शेजारचा सहदेव त्यांना शोधत आला. "भाऊ, मंडपवाला आला ना! लग्न सोडून इथिसा काऊन बसून राह्यले?"

"माहा वार हाये आज. उद्या तुहा."

"मी कायले? मी तिसरीतून पळालो. मले काय शिकवता येते?"

"शिकवाले मॅडम हायेत, पुस्तकं हायेत. आपल्याले फकस्त बसाचं हाये. अन् बसाले डिग्री लागते का बे? बूड लागते! हाये ना तुले?"

पोरं खो-खो हसली. सहदेव दारातच घुटमळला, पण त्याचा मुलगा पुस्तक घेऊन त्याच्याकडे बघत होता. तो चपला काढून आत आला.

लग्न व्हायचं तसं झालं. वऱ्हाडातल्या एका जावईबापूंनी कापसाच्या खोलीत सरकीचा वास येतो म्हणून नाक मुरडलं, तर उकंडरावच त्यांच्यावर खेकसले, "मंग बाहीर झोप निंबाखाली!" लग्नाचा एक दिवस सोडला तर शाळेची ती खोली उन्हाळाभर रोज सकाळी उघडली. काही वारी दोन-दोन पालक यायचे, काही वारी कुणीच नाही. गाव एका महिन्यात सुधारत नसतं.

काजलही महिन्याभरात काही पंडित झाली नाही. पण वरवटच्या शाळेत पाचवीच्या सरांनी नवं कोरं पुस्तक हातात देऊन तिला उभं केलं, तेव्हा ती अडखळली, थांबली, बोट ठेवलं आणि पुढं गेली. तो धडा तिनं कधी ऐकलेला नव्हता. तिनं तो वाचला!

तर मंडळी, शाळा गावाची असेल तर ती बारा महिने गावाची असू द्या, नुसती लग्नाच्या तिथीपुरती नको. सुट्टी शाळेला असते, मायबापाला नसते. आज घरी गेलात की मोबाईल बाजूला ठेवा आणि लेकराजवळ थोडा वेळ बसा. शिकवता येत नसलं तरी बसा. ते वाचतंय की पाठ म्हणतंय, एवढं तरी तुम्हाला कळेल.