चटईची हद्द

सुतार बाकं घेऊन दारात आला, तेव्हा बाईंनी त्याला चहा विचारला नाही. एरवी त्या पोस्टमनलाही चहा पाजल्याशिवाय सोडत नसत.

"जमिनीला ठोकायची आहेत," सुतार म्हणाला. "मोठ्या बाईंनी सांगितलंय."

मोठ्या बाई म्हणजे बाईंची भाची. बालवाडी काढली आत्याने, भाची लहानाची मोठी झाली ती याच वर्गात, आणि आता मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत बसून आत्यालाच शिस्त लावायला निघाली होती. शेजारच्या शाळेत तीन वर्षांची पोरं रांगेत बसून अक्षरं गिरवतात, इथली नुसती खेळतात, म्हणून पालक कुरकुरत होते. भाचीने त्यांच्यापुढे हात टेकले. आज बाकं ठोकली, की बाईंचा वर्ग संपलाच.

बाईंनी कपाट उघडलं आणि होत्या-नव्हत्या तेवढ्या चटया मुलांना वाटल्या. "ज्याला जे हवं ते मांडा रे."

इथला नियम साधा होता. चटई अंथरली की ती जागा त्या मुलाची. तिच्यावर मोठ्यांनीही पाय द्यायचा नाही, आणि मांडलेलं काम ज्याने मांडलं त्यानेच मोडायचं. बघता बघता या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चटयाच चटया झाल्या. कुठे ठोकळ्यांचा पूल, कुठे मण्यांच्या रांगा. सुतार उंबऱ्यावरच अडकला. बाईंना मनातून उकळ्या फुटत होत्या.

भाची तावातावाने आली. "आत्या, हा काय पोरखेळ लावलायस?"

"पोरांचाच खेळ आहे."

"मुलं गेली तर कुलूप लागेल इथे. कळतंय का तुला?"

"जगातली पहिली बालवाडी काढणाऱ्या गुरुजींच्या कामावर सरकारनेच बंदी घातली होती. गुरुजी गेले, बंदीही उठली, त्यांचे ठोकळे मात्र राहिले. शंभरएक वर्षांपूर्वी परदेशात एका डॉक्टरीणबाईंनी जमिनीला ठोकलेली बाकं नाकारली, मुलांना उचलता येतील अशा खुर्च्या दिल्या. आणि तू तीच बाकं माझ्या डोक्यावर आणून बसवतेस? माझ्या जिवात जीव आहे तोवर नाही!"

"मला इतिहास नको शिकवूस." भाची सुताराकडे वळली. "चला, कुठून सुरुवात करायची ते दाखवते." आणि तोंडाचा पट्टा चालू ठेवून ती तरातरा समोरच्या खिडकीकडे निघाली.

ती खिडकीशी पोचली, तेव्हा वर्ग चिडीचूप झाला होता. तिने मागे वळून पाहिलं. एकही ठोकळा हलला नव्हता. रागाच्या भरातही ती प्रत्येक चटईला वळसा घालत, अंग चोरत, हाताने साडी सावरत आली होती.

"डोकं पालकांकडे गहाण टाकलंस," बाई म्हणाल्या, "पण पाय अजून माझ्याच वर्गात आहेत."

पूल बांधणारी मुलगी तिच्याकडे बघून म्हणाली, "मोठ्या बाई, तिथे नदी आहे. भिजाल."

भाचीने साडी घोट्याच्या वर उचलून धरली. मग घसा खाकरून तिने सुताराला सांगितलं, "दादा, बाकं परत न्या. आणि बाहेर पालक भेटलेच, तर म्हणावं, भांडायचं असेल तर माझ्याशी येऊन भांडा."

बाईंचा ऊर भरून आला. पण तो दाखवतील तर त्या बाई कसल्या. "आधी त्या नदीतून बाहेर ये," त्या म्हणाल्या.