लांबलेलं मंगल

आठ ग्रह एका राशीत आले, सूर्यास्ताला जग बुडणार, म्हणून तीर्थहळ्ळीच्या मठात आम्ही सकाळपासून हरिकथेला बसलो होतो. शेवटचं मंगल गायल्याशिवाय कथा संपत नाही आणि कथा अर्धवट असताना देव जग बुडवत नाही, ही आमची पक्की श्रद्धा.

गुरुराजदासांनी सीतेचं लग्न लावलं आणि मंगलाचा सूर धरला. पण मृदंगवाले वेंकण्णा थांबेनात. मंगल आलं की ते नवा ताल धरायचे आणि दासांना वऱ्हाड पुन्हा होळगी, म्हणजे आमची पुरणपोळी, जेवायला बसवावं लागायचं.

दोघं बालमित्र. पण "तुझा मृदंग म्हणजे रॉकेलचा डबा" असं दास एकदा बोलून गेले आणि त्यानंतर सहा वर्षं शेजारी बसूनही अबोला.

चौथ्या पंगतीला दासांचा घसा बसला. ते वळून म्हणाले, "वेंकण्णा, थांब की रे. जनकाच्या घरचं तूप संपलं."

वेंकण्णांनी हात थांबवले, डोळे पुसले. "तू बोलल्याशिवाय मी जग बुडू देणार नव्हतो."

"बोललो ना. आता घेऊ मंगल?"

"घाई काय आहे? सहा वर्षांचं बोलायचंय."

दासांनी चिपळ्या खाली ठेवल्या आणि ते मृदंगापाशी सरकून बसले. आम्हीही बसून राहिलो. मंगलाची आठवण कोण करून देणार?