गल्लीभर वाजणारा बाप

कैरोच्या इंबाबा वस्तीतल्या इस्त्रीवाल्या अतियानं एकदा जेवता जेवता थोरल्या पोराला, शिहाबला, फैलावर घेतलं. शाळा बुडवून पोरगा लग्नांत गाणी वाजवत हिंडत होता. "मी जिवंत आहे तोवर या घरात माझंच चालेल," अतिया गरजला. शिहाबनं ते बोलणं गुपचूप फोनवर टिपलं, मित्राकडून त्याला ढोलाचा ठेका लावून घेतला आणि दिलं इंटरनेटवर सोडून. थोड्याच दिवसांत वस्तीतल्या प्रत्येक टुकटुक रिक्षामधून अतिया ओरडू लागला.

आधी त्याला हसू आलं. मग दुकानावरून जाणारी शेंबडी पोरं त्याच्याच शब्दांत त्याला दटावू लागली. घरी धाकट्या रबाबची लबाडी पकडून तो बोलायला गेला, तर भेदरलेल्या पोरीच्याही ओठांतून तोच ठेका निसटला. अतिया रागवायचं सोडून उठला. बायको नजात म्हणाली, मनावर घेऊ नका, पोरं आहेत. पण शर्टावर इस्त्री फिरवताना, नळाखाली तोंड धुताना त्याला आपलाच आवाज ऐकू यायचा. बाहेर येऊन बघावं तर गल्ली चिडीचूप.

शेजारच्या लग्नात रस्त्यावरच्या मांडवात पोरं चाकू घेऊन नाचत होती. अलीकडे तशी रीतच पडली होती. मंचावर गाणी वाजवणाऱ्या शिहाबसमोर चाकू परजत नाचणारा गल्लीतला हमादा नशेत आहे, हे अतियाच्या लक्षात आलं.

"शिहाब, खाली उतर!"

मांडव खिदळला. कुणीतरी ढोलावर थाप मारली आणि सगळ्यांनी मिळून सूर धरला, "मी जिवंत आहे तोवर..." शिहाबही हात उंचावून गाऊ लागला. त्याचं लक्ष बापाकडे होतं, चाकूकडे नव्हतं.

हमादाचा चाकू फिरला आणि शिहाबचा गाल कानापासून हनुवटीपर्यंत फाटला. जीव तेवढा वाचला.

टाके निघाले त्या दुपारी अतिया त्याला मसुरीचं सूप भरवत होता.

"बाबा, रागवा ना माझ्यावर," शिहाब हळूच म्हणाला. "चार शब्द तरी बोला."

अतियानं तोंड उघडलं. बराच वेळ ते तसंच राहिलं. मग त्यानं पोराच्या हनुवटीवर ओघळलेलं सूप फडक्यानं टिपलं.

आता शिहाब शाळेत जातो, बापाच्या नुसत्या नजरेवर उठतो-बसतो. संध्याकाळी दुकानात कपड्यांच्या घड्या घालताना मधेच त्याचे हात थांबतात आणि तो बापाच्या तोंडाकडे बघत राहतो. अतिया मान खाली घालून पुढच्या शर्टावर पाणी शिंपडतो.