माशांची घडवंची

मित्रांनो, गोधड्यांचं ओझं वाहता वाहता म्हातारी झालेली मी एक घडवंची. फणसाच्या लाकडाची, चार पायांची. गुरुदास सुतारांनी स्वतःचं लग्न ठरल्यावर मला घडवलं आणि नव्या नवरीची, सुगंधाची, अंथरुणं माझ्यावर रचली. गोव्याच्या सीमेलगतच्या रेडी गावातल्या त्या घरात मी गोधड्या, उशा, पाहुण्यांच्या सतरंज्या सांभाळल्या. गुरुदास गेले, तरी सुगंधा सणासुदीला मला खोबरेल लावून पुसायची.

पुढे मुलगा दीपेश बोटीवर नोकरीला लागला. सून नम्रता रोज गोव्याला कामाला जायची. एका संध्याकाळी ती काचेची पेटी आणि पिशवीभर रंगीत मासे घेऊन आली. गोधड्या कपाटात गेल्या. मला ओटीवर आणून माझ्यावर पेटी ठेवली आणि ती काठोकाठ भरली.

“ह्यांच्या घडवंचीवर पाणी ठेवलंस? माका विचारूक पन नाय?” सुगंधा म्हणाली. “आनी हे मासे कालवनात घालूचे नायत, तर हाडलंस कित्याक?”

मासे कशाला आणले ते न सांगताच नम्रताने पेटीतल्या हवेच्या पंपाची पिन लावली.

धुतलेलं पाणी वाहून जावं म्हणून ओटीची जमीन दाराकडे उतरती होती, शिवाय थोडी उंचसखलही. माझा एक पाय अधांतरी राहिला. नम्रताने घाईत त्याखाली पुठ्ठ्याची घडी सारली. मित्रांनो, गोधड्या मऊ असतात, थोडं कललं तरी चालवून घेतात. पाणी मात्र सगळा भार उताराकडे रेटतं. लादी पुसता पुसता पुठ्ठा भिजला आणि मी झुकू लागले. ओरडून सांगावं, तर मला तोंड कुठे!

एका दुपारी झाडू मारताना सुगंधा थबकली. पेटीतलं पाणी एका बाजूला वर चढलं होतं. हात लावला, तर कोपऱ्यातून पाणी पाझरत होतं. घरात दुसरं कोणी नव्हतं. तिने आधी विजेची पिन काढली, पेटीतलंच पाणी कळशीत घेतलं आणि वाटीने एकेक मासा त्यात सोडला. काळा मासा काही केल्या हाती लागेना.

“ये रे बाबा, मी तुका खावचंय नाय!” ती काकुळतीला येऊन म्हणाली.

तो आला. मग तांब्याने उपसून उपसून तिने पेटी रिकामी केली आणि धापा टाकत माझ्यावर हात टेकून उभी राहिली.

संध्याकाळी रिकामी पेटी पाहून नम्रताचा चेहरा उतरला. “आई, मासे?”

“कळशीत आसत, जित्ते आसत. पयलो ह्या पायाक हात लावून बघ.”

नम्रताने तो ओला पाय चाचपला. तिचे डोळे भरून आले. “चुकला माझा. मी दिवसभर गोंयात, हे बोटीवर. घरात तुमका सोबत व्हयी म्हणान हाडलंय.”

सुगंधाने चहाचा कप तिच्यापुढे सरकवला. मग म्हणाली, “तसा सांगूक काय झाल्ला? चाय घे. रविवारी दोगी मिळान बसवया.”

नम्रताने पेटीची फट बुजवली. ती सुकेपर्यंत मासे मोठ्या टपात राहिले. रविवारी दोघींनी मला उन्हापासून दूर, आतल्या भिंतीलगत नेलं. पुठ्ठ्याऐवजी पायाखाली लाकडाची पाचर ठोकली. चारही पायांखाली कागद सरकवून पाहिला, कुठेच शिरेना. मग पाण्याने भरलेली परात माझ्यावर ठेवली. कडेला सगळीकडे पाणी सारखं दिसेपर्यंत सुगंधाने पाचर पुन्हा पुन्हा बसवून घेतली. वर थर्माकोल, त्यावर पेटी. पहिल्या दिवशी पेटी अर्धीच भरली. दुसऱ्या दिवशीही पाण्याची रेघ सरळ होती, तेव्हा उरलेलं पाणी ओतलं.

आता दुपारी कामावरून नम्रताचा फोन येतो. सुगंधा माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसलेली असते. “मगे बोलूया गो,” ती म्हणते, “आता माझे मासे जेवतत.”

मित्रांनो, आमच्यावर हौसेने हवं ते मांडा. पण आधी घरच्यांना विचारा, आणि एकदा खाली वाकून आमचे पायही बघा.